गिअर पडलेला कळावा म्हणून

माझ्या शिक्षणामागे माणूस एकच, माझे मामा. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी; पण दहावीनंतर मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, कॉलेजात घातलं ते त्यांनी. सोलापूर रस्त्यावरच्या एका लहान गावात त्यांची पिठाची गिरणी होती. आयुष्यभर तिच्या घरघरीत उभं राहून त्यांचे कान गेले. यंत्र लावलं तरी समोरचा माणूस जेमतेम ऐकू येतो, फोन तर नाहीच. म्हणून आम्ही अजून एकमेकांना पत्रं लिहितो.

पुढे त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जुन्या गाडीचा क्लच दाबणं बंद झालं. मी तेव्हा पुण्यात, खराडीत नोकरीला होतो. एक जुनी ऑटोमॅटिक मोटार बघून त्यांना नेऊन दिली. थोड्याच दिवसांत त्यांनी ती शेडमध्ये लावली आणि किल्ली मामींकडे दिली. वय झालं, असं सगळे म्हणाले.

सुट्टीला गेलो तेव्हा मी त्यांना ती एकदा चालवायला लावली. वेग आला की ते ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचे आणि वाट बघत राहायचे. गाडी मंदावायची. मागचा ट्रक हॉर्न देत अंगावर यायचा.

"पाय कशाला उचलताय?" मी कानाशी ओरडलो.

"आरं, गिअर पडला का न्हाई तेच कळंना! पहिल्या गाडीत हाताला कळायचं. ही नुसती सरकती."

बरोबर होतं. आपल्याला इंजिनाचा आवाज उतरलेला ऐकू येतो. त्यांना आवाजही नाही आणि हातात गिअरही नाही. मामींना घेऊन दवाखान्याला, बाजाराला जाणारा हा माणूस आता कुणाची गाडी मिळते का, बघत ओट्यावर बसायचा. ही मोटार सुटली तर त्यांचं घराबाहेर पडणंच सुटणार होतं.

मी मोटार पुण्याला आणली. धायरीत गिअरबॉक्सची कामं करणारे एक मेकॅनिक होते. माझं ऐकून ते म्हणाले, "लोक झटका बसतो म्हणून येतात. झटका हवाय म्हणून आलेले आपण पहिलेच." कारण सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी हात पुसले. "म्हणजे मामांच्या पाठीला कळायला हवं आणि मामींच्या कमरेला नको. असंच ना?"

ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलताना गिअरबॉक्समधलं तेल आतल्या क्लचच्या चकत्यांवर हळूहळू दाब देतं, म्हणून बदल अंगाला जाणवत नाही. त्यांनी सुट्या भागांचं किट मागवून आतल्या काही स्प्रिंगा बदलल्या आणि तेलाच्या वाटेवरच्या पत्र्याची भोकं किंचित मोठी केली. आता दाब लवकर भरणार होता, चकत्या पटकन धरणार होत्या.

रविवारी सकाळी लोणी काळभोरच्या पुढे आम्ही गाडी तपासली. बायको चालवत होती. मी शेजारी डोळे मिटून, कानांत कापसाचे बोळे घालून बसलो. गिअर पडलासा वाटला की बोट वर करायचं, असं ठरलं होतं. मधेच तिनं माझा एक बोळा ओढून काढला.

"अहो, हात जरा खाली. लोकांना वाटतंय, आपण रिक्षा थांबवताय. आणि तिसरा गिअर आपल्याला कळलाच नाही."

मेकॅनिकनी तिसऱ्याचं काम पुन्हा केलं. पुढच्या खेपेला माझं एकही बोट चुकलं नाही.

गाडी गावी नेली. मामा चालवायला बसले. पाठीला हलकासा धक्का लागला आणि ते ओरडले, "पडला!" पुन्हा थोड्या वेळानं, "पडला!"

"आवो, पडला पडला काय लावलंय! गाव बघतंय," मागून मामी म्हणाल्या. ते त्यांना ऐकू गेलं नाही. पाय मात्र त्यांनी एकदाही उचलला नाही.

नंतर पुण्याहून मी त्यांना हे पत्र पाठवलं:

"मामा,

गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बघून घ्या. ओल्या रस्त्यावर पाय हलका ठेवा, आता गाडी गिअर जोरात धरते. आरशात सारखं बघत जा.

काल मामींचा फोन आला. तुम्ही स्वतः चालवत त्यांना दवाखान्यात नेऊन आणलंत, हे ऐकल्यावर ऑफिसात माझं काही काम झालं नाही.

एक सांगायचं राहून गेलंय. पदवीदानाला माझं नाव पुकारलेलं तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. मला उठताना बघून तुम्ही टाळ्या वाजवायला लागलात. बाकीचे थांबले, ते तुम्हाला कळलं नाही. मी स्टेजवरून उतरून जागेवर येईपर्यंत त्या एकट्या टाळ्या ऐकत होतो."