पाचातले तिघं

कडेगावच्या मौला शिकलगारनं एकतीस वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. गेल्या दिवाळीत त्याचे वरचे दोन दात पडले. नवे बसवले, पण ओठांची पकड पहिल्यासारखी राहिली नाही. वरचे सूर फाटायचे. ते त्यालाही कळत होतं.

डीजे आल्यापासून बँड लहान झालेला. मालक नानासोंकडे फुंकून वाजवणारे पाच जण होते आणि एका लग्नाला तिघंच लागायचे. लग्नाच्या सकाळी पाचही जणांनी ड्रेस घालून बँडच्या दुकानापुढं यायचं, नानासो तिघांना गाडीत बसवायचे, उरलेले दोघं घरी. अकरा लग्नं झाली. मौला अकराही वेळा घरी आला.

त्याची मुलगी नूरीन अकरावीला होती. तिनं वहीच्या कागदावर पाचांची नावं लिहिली आणि तिघा-तिघांचे गट पाडले.

"दहा गट होतात, अब्बा. त्यातल्या सहांत तुमी हाय. अकरा लग्नांत सहा-सात तरी तुमच्या वाट्याला यायला पायजेत."

मौला तो कागद घेऊन नानासोंकडं गेला. बाकीचे चौघं बाकावर चहा पीत बसले होते. नानासोंनी कागद सावकाश वाचला.

"पोरगी हुशार हाय. पण तिला सांग, मी चारातनं तिघं निवडतो. त्याचे गट चारच हुत्यात. तुला मी मोजतच न्हाई."

"मग ड्रेस घालून बोलावता कशाला, मालक?"

"मागं एक माणूस हुबा दिसला की ह्यांचे नखरे बंद हुत्यात."

बाकावरचे दोघं हसले. वीस वर्षं मौलाच्या शेजारी क्लॅरोनेट वाजवणारा आकाराम कपात बघत राहिला.

पुढच्या लग्नालाही मौला ड्रेस घालून गेला, आणि परत आला.

मे महिन्यात म्हसवडच्या पार्टीनं पाचही जण मागितले. नानासोंनी गाडीतच मौलाच्या क्लॅरोनेटची पत्ती काढून खिशात टाकली. पत्तीशिवाय त्यातून नुसती हवा जायची.

"नुसतं धर. गाल तेवढे फुगव."

वरातीचा व्हिडिओ नूरीनच्या मोबाईलवर आला. तिनं तो दोनदा लावला.

"अब्बा, यात तुमचा आवाज कुठला?"

मौलानं कान जवळ नेला. क्लॅरोनेट एकच वाजत होतं, आकारामचं.

"त्यो बारीक सूर हाय न्हवं," तो म्हणाला, "त्यो माझा."

नूरीननं तेवढा तुकडा कापून मैत्रिणींना पाठवला.