मांजर बाहेर, मी आत

मंडळी, आज दुपारी मी माझ्याच वर्कशॉपात कोंडला गेलो. गंमत म्हणजे कोंडायला मीच सांगितलं होतं.

घरामागच्या जुन्या गोठ्यात मी हातानं इलेक्ट्रिक गिटारी बनवतो. कुंडल गावच्या बँजो पार्टीतल्या एका पोराची लाल गिटार उद्या द्यायची होती. लॅकरचा, म्हणजे चकाकीच्या रंगाचा, शेवटचा हात मारायचा, म्हणून खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. गोठ्याच्या दाराला आतून कडी नाही, म्हणून बायकोला म्हटलं, "बाहेरून कडी घाल. मांजर आत आलं तर ओल्या रंगाला केस चिकटतात."

कडी घालून ही देवळात गेली.

काम निम्म्यावर आलं आणि वासानं छाती भरली. चाळीसच्या दशकातला माझा जन्म, भाता जुना झालाय. फोन घरात. हाका मारल्या, पण रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून चाललेले. खिडकी उघडावी तर सगळी धूळ गिटारीवर. खोकत एकदा गिटारीकडं, एकदा खिडकीकडं बघत राहिलो.

शेवटी पट्टी ओरबाडली, खिडकी उघडली आणि गजांना तोंड लावून श्वास घेतला.

ही आली, गिटारीवरची धूळ बघितली, माझं तोंड बघितलं. "आवं, गिटारीपायी जीव द्यायचा व्हता व्हय?" म्हणाली आणि स्क्रू ड्रायव्हर आणून दाराची कडीच काढून टाकली.

पोराला फोन केला. तो म्हणाला, "आवं आजोबा, वरातीत धुळीतच वाजवायची हाय. द्या की तशीच!"

दिली नाही. परत घासणार आहे, दार उघडं ठेवून.

तुमच्या घरात असं कुणी दार लावून कामात गुंतलेलं असेल, तर जरा ढकलून बघता का?