रेड्याचा काय दोष
शेकायच्या रबरी पिशवीत गरम पाणी भरलं की येणाऱ्या वासाने मला जोगेश्वरीचा तो तबेला आठवतो, कारण रेड्याचं वीर्य गोळा करायच्या रबरी नळीतही आम्ही असंच पाणी भरायचो. मी तेव्हा पशुवैद्यकीचं शिकत होते आणि आमच्या मॅडमबरोबर गेले होते. रेडा धिप्पाड, देखणा. पण पावसाळ्यापासून त्याच्याकडून एकही म्हैस गाभण राहिली नव्हती. मॅडमनी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "शुक्राणू तर झकास पळतायत. पण वीर्यातली प्रथिनं कमी असली तरी गर्भ राहत नाही. ती लॅबमध्ये तपासते, आठवडाभर थांबा." "अजून थांबू? फुकट खातोय ना हा!" असं ओरडत मालकाने लोखंडी सळई रेड्याच्या नाकाडावर हाणली. दुसरा फटका डोळ्याखाली बसला आणि रक्त उडालं. तिसऱ्या फटक्याला रेड्याने दावं तोडलं, मालकाला गव्हाणीवर दाबलं आणि शिंग त्याच्या मांडीत खुपसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मॅडमनी रेड्याच्या डोळ्यांवर गोणपाट टाकलं, मी वेसण ओढली, तसा तो थरथरत थांबला. रक्तात पडलेला मालक एवढंच म्हणाला, "कापा त्याला." अहवाल आला तोवर रेडा खाटकाकडे गेला होता. प्रथिनं अगदी व्यवस्थित होती. "म्हशी माजावर कधी येतात ते ओळखायला मालकच चुकत असणार. भलत्या वेळी रेडा सोडला तर गर्भ राहणार कसा?" मॅडम म्हणाल्या. आता मी स्वतः नमुने घ्यायला जाते, तेव्हा रेडा बांधण्याआधी मालकाला गोठ्याबाहेर उभं करते.