विमानाची उजवी बाजू

आमच्या ह्यांना विमान वर पाठवता फार झकास यायचं. परत आणता यायचं नाही.

विमान म्हणजे रिमोटवर उडणारं, पाच फुटी पंखांचं. लाकूड बाल्साचं, एकदम हलकं, आणि त्यावर ताणून चिकटवलेलं रेशमी कापड. हे सदरमधल्या एका सरकारी कचेरीत वायरलेसचे सेट दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन विमान बांधायचे. मी हुडकेश्वरकडच्या एका शाळेत कवायत शिकवायची. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा त्या बाजूला शाळेच्या कुंपणापलीकडे नुसती तुरीची शेतं होती, म्हणून उडवायला शाळेचं पटांगणच बरं पडायचं. शनिवारची सकाळची शाळा सुटली, पोट्टे घरी गेले, की हे स्कूटरला पंख आडवे बांधून हजर. घरी जाताना मी मागे बसून पंख धरायची आणि रस्त्यावरचे लोक वळून वळून पाहायचे.

रिमोटचा सेट आणि इंजिन त्यांच्या आखातातल्या एका मित्रानं आणून दिलेलं. लाकूड मोडलं तर जोडता यायचं, कापड फाटलं तर मी नवीन लावायची. पण ते इंजिन आणि पोटातली यंत्रं हरवली असती तर खेळ खलास. सीताबर्डीची सगळी दुकानं पालथी घातली असती तरी तसा दुसरा सेट मिळाला नसता.

आता त्यांची अडचण काय, तर डावं-उजवं. विमान आपल्यापासून लांब जात असतं तेव्हा काही प्रश्न नाही. रिमोटवरची काडी उजवीकडे केली की विमानही आपल्या उजवीकडे वळतं. पण तेच विमान फिरून आपल्याकडे तोंड करून यायला लागलं, की त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. इथे आमचे इंजिनाचे पंडित गारद व्हायचे. पंख डावीकडे झुकला की हे काडी नेमकी उलटी दाबायचे, तो आणखी झुकायचा, हे आणखी दाबायचे, आणि विमान नाकावर. तीनदा पडलं. तिन्ही वेळा म्हणाले, "वारा फिरला." नाचता येईना, अंगण वाकडं, दुसरं काय!

आणि मला हे सगळं पाहून अंगाची लाही लाही व्हायची, कारण मला ते दिसायचं. त्यात माझी काही हुशारी नाही, माझा धंदाच तो. कवायतीची बाई पोट्ट्यांकडे तोंड करून उभी राहते. "उजवा हात वर" म्हणायचं आणि स्वतःचा डावा वर करायचा. पोट्टे समोरचं पाहून करतात ना! नोकरीच्या पहिल्या वर्षी मी खराखुरा उजवा हात वर केला, तर अर्धी रांग एक हात वर करून उभी आणि अर्धी दुसरा. तेव्हापासून बारा वर्षं मी समोरच्याच्या अंगानं उजवं-डावं बोलत आले होते. आता समोर कोणी आलं की मला आधी त्याची उजवी बाजू दिसते, माझी नंतर.

म्हणून मी त्यांच्या शेजारी उभी राहून ओरडायची, "उजवी! तुमची नाही, त्याची उजवी!"

"तू गप राहा वं जरा," हे घाम पुसत म्हणायचे. "मी अजूनच गोंधळून राहिलो."

"मंग मले द्या ना."

"तुले? आणि पडलं तं?"

तुमच्या हातून काय तरंगून राहिलं होतं, असं अगदी जिभेवर यायचं. कधी कधी बोलूनही टाकायची.

तिसऱ्यांदा पडल्यावर हे आठवडाभर विमानाकडे फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी सीताबर्डीवरून कागदाच्या पुडीत बारीक बारीक सामान घेऊन आले, आणि त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही. चौदा महिने! शेवटी एका प्लॅस्टिकच्या साबणदाणीत बसेल असं यंत्र तयार झालं. ते त्याचं मोठं लांबलचक इंग्रजी नाव घ्यायचे. मी त्याला डबा म्हणायची.

डब्याची युक्ती खरंच भारी होती. विमानाच्या दोन पंखांच्या टोकांना दोन डोळे बसवले होते, उजेड ओळखणारे, मसुरीएवढे. आभाळ उजेडाचं आणि जमीन काळी, एवढंच त्या डोळ्यांना कळायचं. डावा पंख खाली गेला की डाव्या डोळ्याला जमीन दिसणार आणि उजव्याला आभाळ. मग डबा समजणार, हा पंख पडला, आणि तो आपण होऊन उचलणार. दोन्ही डोळ्यांना सारखाच उजेड दिसेपर्यंत उचलत राहणार. माणसानं काही करायला नको. रिमोटच्या कोपऱ्यात एक खटका होता. वर केला की डबा चालू, खाली केला की बंद.

पहिल्या शनिवारी भर दुपारी विमान वर गेलं, यांनी खटका वर केला आणि दोन्ही हात काडीवरून काढून घेतले. विमान झुकलं, आणि कोणी खांद्याला धरून सरळ करावं तसं सरळ झालं. पुन्हा झुकलं, पुन्हा सरळ. माझ्या अंगावर काटा आला. ह्यांच्याकडे पाहिलं तर डोळे भरलेले. मी म्हटलं, "अवो, जिंकलं तुम्ही!" त्या दिवशी विमान पहिल्यांदा न मोडता घरी आलं, आणि मी रात्री पुरणपोळी केली.

तेव्हाच पोळी खाता खाता त्यांनी मला सांगितलं, की डब्याचा जोर त्यांनी काडीपेक्षा जास्त ठेवला आहे. काडी थोडी दाबली तर विमान वळेल, पण माणूस एकीकडे ओढायला लागला आणि डबा दुसरीकडे, तर चालेल डब्याचंच.

"काहून असं?" मी विचारलं.

"माझ्या हाताचा काय भरवसा?" ते म्हणाले, आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

त्यानंतर विमान उंच असलं की ते मलाही रिमोट द्यायला लागले, दोन-चार चकरांपुरता. मी ते सुखानं वळवायची. पण ते उडवणं नव्हे. काडी हलवावी आणि मधल्या मध्ये डब्यानं ठरवावं, हो म्हणायचं की नाही. एकदा मी सरळ मागितलंच. "एक डाव डबा बंद करून उडवू द्या मले. एकच चक्कर."

"डबा बंद केला तं विमान गेलं समज."

"मले दिसते ना त्याची उजवी बाजू. तुम्हाले ठाव आहे मले दिसते."

"अवं, आता तं कोणीबी उडवू शकते. हट्ट काहून करून राहिली?"

कोणीबी! माझं डोकं सणकलं. मला कोणीबी व्हायचंच नव्हतं. मला माझ्या हातानं ते विमान आणायचं होतं, एकदा. हे मी त्यांना किती परीनं सांगितलं असेल! पण त्यांच्या मनात ते तीन अपघात ठाण मांडून बसले होते, आणि माणूस घाबरला की सगळ्यांचे हात त्याला स्वतःच्याच हातांसारखे वाटतात.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन आलं. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, त्यांनी स्वतः ह्यांना आमंत्रण दिलं. बक्षीस समारंभाआधी, संध्याकाळी पाच वाजता, विमान उडवून दाखवायचं. सगळे पोट्टे, त्यांचे आईबाप, गावातले लोक, पटांगण गच्च. मोठ्या बाईंनी माईकवर डब्याची सगळी माहिती सांगितली. हे लाजून चूर झाले.

विमान झोकात उठलं, पश्चिमेकडे तोंड करून वर चढलं. यांनी खटका वर केला आणि वळवायला काडी डावीकडे दाबली. विमान जरा डावीकडे गेलं, आणि परत सरळ झालं. यांनी उजवीकडे दाबली. जरा उजवीकडे, पुन्हा सरळ. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. हे काडी दाबून राहिले आणि ते लहान लहान होत चाललं. शाळेचं कुंपण गेलं, पहिलं शेत गेलं.

"ऐकून नाही राहिलं," हे पुटपुटले. चेहरा पांढराफटक.

आम्ही दोघंही कपाळावर हात धरून पाहत होतो, कारण ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. आणि माझ्या टाळक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही नेहमी उडवलं ते भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. संध्याकाळी पहिल्यांदाच उडवत होतो. विमान डावीकडे वळलं की सूर्य त्याच्या उजव्या अंगाला यायचा, उजव्या डोळ्याला भसकन उजेड दिसायचा. डब्याला वाटायचं, डावा पंख पडला. लगेच उचलायचा, आणि विमान फिरून सूर्याकडे. दोन्ही डोळ्यांना सारखा उजेड मिळायला दुसरी जागाच नव्हती.

"अवो, डबा त्याले सूर्याकडे नेऊन राहिला! बंद करा त्याले!"

"बंद केला तं पडन ते!"

"नाही केला तं जाईन ते!"

त्यांचा अंगठा खटक्यावर होता. दाबला जात नव्हता. विमान चिमणीएवढं दिसत होतं.

नंतर शाळेत बोलणं झालं की बाईंनी नवऱ्याच्या हातातून रिमोट हिसकावला. साफ खोटं. मी हात पुढे केला आणि "द्या" म्हटलं, पटांगणातल्या आवाजात म्हटलं असेल फार तर. त्यांनी दिला.

मी खटका खाली केला. विमानानं एक गचका खाल्ला, पण मी काडी धरून ठेवली. मग हळूहळू उजवीकडे. या वेळी ते गेलं. मोठी गोल चक्कर घेत गेलं, पंखावरचं कापड उन्हात चमकलं, आणि त्यानं तोंड आमच्याकडे केलं.

आता ते येत होतं, रांगेतून माझ्याकडे येणाऱ्या पोट्ट्यासारखं. त्याचा डावा पंख झुकला, मी त्याला त्याच्या उजवीकडे नेलं. त्याचा उजवा झुकला, डावीकडे. मला विचारसुद्धा करावा लागला नाही. भीती वाटली नाही मला. आनंद झाला, इतका आनंद की मी मोठ्यानं हसले. काडीच्या आणि विमानाच्या मध्ये कोणी नव्हतं.

पटांगणावर आल्यावर मी रिमोट त्यांच्यापुढे धरला. "घ्या, उतरवा." उतरवणं मला माहीत नव्हतं, उगाच बढाई कशाला मारू.

त्यांनी हात मागे घेतले. "नाही. तूच आण. मी सांगतो तसं कर."

आणि त्यांनी माझ्या कानाशी उभं राहून सांगितलं. इंजिन कमी कर. अजून कमी. नाक खाली जाऊ दे, घाबरू नको. आता जराशी काडी ओढ. विमान खो-खोच्या दोन खांबांच्या मधून आलं, दोनदा उसळलं, फक्कीच्या रेषांवरून घसरत गेलं आणि एक चाक निखळून थांबलं. बाकी खरचटलंही नाही.

पटांगण दणाणलं. पोट्टे नाचायला लागले. आणि माईकवर मोठ्या बाई, गहिवरलेल्या आवाजात, "मुलांनो, पाहिलंत? याला म्हणतात विज्ञान! विमान इतकं दूर गेलं, दिसेनासं झालं, आणि त्या छोट्याशा यंत्रानं ते आपोआप परत आणलं!"

पुन्हा टाळ्या. दोघं-तिघं पालक तर डब्यालाच हात लावून पाहायला धावले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माईककडे चार पावलं टाकलीही. मग थांबले. चौदा महिने माझ्यासमोर तो माणूस टेबलावर वाकून बसलेला मी पाहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत होतं. मी खरं बोलले असते तर भर गावात त्याचं नाक कापलं गेलं असतं. मी माघारी वळले. मला फार वाईट वाटलं, फारच.

तेवढ्यात पाहते तर हे मंचाच्या पायऱ्या चढत होते. हा माणूस जन्मात कधी चार लोकांसमोर बोललेला नव्हता. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा याला घाम फुटला होता. मोठ्या बाईंना वाटलं आभार मानायला आले, त्यांनी कौतुकानं माईक पुढे केला.

"डबा बंद होता," हे म्हणाले.

माईक कुईं करून वाजला. "जी?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"यंत्र बंद होतं, बाई. त्याच्याच पायी विमान हातचं चाललं होतं. मी घाबरलो होतो. मले काही सुचून नव्हतं राहिलं." मग त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि सगळ्या गावासमोर माझ्याकडे बोट केलं. "विमान हिनं आणलं. हिच्या हातानं."

मग माईक परत देऊन ते खाली उतरले, आणि पटांगणात गुडघ्यांवर बसून निखळलेलं चाक शोधायला लागले. मी तिथेच उभी राहून, सगळ्या पोट्ट्यांच्या देखत, तोंडाला पदर लावून ढसाढसा रडले.