चोच नसलेला पोपट

कारंज्याला आमच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत. टपाल तिकिटं जमवतात आणि भिंगाशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत. मी केस काळे केले तेव्हा जवळ येऊन निरखून म्हणाले, "हे छपाई नाही, दुरुस्ती हाय." तिकिटांनाही ते हाच न्याय लावतात. निकाल गोड करून सांगणं त्यांना येत नाही.

बाबांकडे बिनचोचीच्या पोपटाचं एक तिकीट आहे. लाल रंग छापायचाच राहिला, म्हणून ते दुर्मीळ, असं बाबा येईल त्या पाहुण्याला ऐकवतात. मी तर त्या भरवशावर मनातल्या मनात मोटारीचा रंगही ठरवून टाकला होता. परवा मी या गृहस्थांना घरी बोलावलं.

त्यांनी तिकीट उजेडात तिरपं धरलं. "काका, रंग छापलाच नसता तं कागद गुळगुळीत राह्यला असता. इथं तंतू उठले हायेत. हे कपड्यासंगं धुतल्या गेलं, चोच घासून निघाली, अन् मांगून कोनं तरी खळीनं कागद चिकटवला."

"कोनं चिकटवला?" बाबांचा आवाज चढला.

चहा घेऊन आलेली आई दारातच थबकली. आमच्या घरी लुगड्यांना खळ अजून तीच करते. गृहस्थांनी तिच्या कडक निऱ्यांकडे पाहिलं आणि भिंग खिशात घातलं.

"ते भिंगातून दिसत नाही, काका."

आईनं पहिला कप त्यांना दिला. एरवी तो बाबांचा असतो.