गायधनीसाहेबांचा परत जाणारा माल

आमच्या गायधनीसाहेबांसमोर कोणी "नोकरी सोडते" म्हटलं, की ते दोन्ही हातांनी कान झाकायचे. "उपाशीपोटी राजीनामा मी ऐकत नाही. आधी डबा खाऊन या!" नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातपूरच्या आमच्या स्विचच्या कारखान्यात ते सुपरवायझर, आम्ही जोडणी खात्यातल्या बायका. डबा खाल्ला की निम्म्या जणींचा राग ओसरायचा.

माझा ओसरेना. मखमलाबादच्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि त्यांना काही म्हणजे काही आठवायचं नाही. गॅस चालू ठेवून बाई द्वारका चौकात फुलं विकायला निघायच्या. फुलांचा मळा विकून जमाना झाला होता! नवरा म्हणाला, "तूच घरी बस." माझा तर त्या नोकरीवर भारी जीव. डबा खाल्ला, हात धुतले आणि म्हटलं, "साहेब, पोट भरलंय. आता सोडते."

साहेबांनी डोकं खाजवलं. "आणा त्यांना इकडे."

पण गेटवर पाहुण्यांना बंदी. आत यायचा तो फक्त माल. झालं! साहेबांनी गेटपासची चिठ्ठी फाडली: "परत जाणारा माल, एक नग." वॉचमन शिंदेकाकांनी सासूबाईंना नीट न्याहाळून शिक्का मारला. संध्याकाळी विचारायचे, "नग शाबूत आहे ना?"

"शाबूत हाय, मेल्या!" सासूबाई फणकारायच्या.

कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून त्या आम्हा सगळ्यांची मेथी निवडायच्या. घरी जाताना प्रत्येकीच्या पिशवीत निवडलेली भाजी. राजीनाम्याचं नाव आता क्वचितच निघायचं, आणि निघालंच तर साहेब सासूबाईंसमोरच कान झाकून आपलं ते ठरलेलं वाक्य म्हणायचे. एकदा मुंबईचे मोठे साहेब मेथीच्या ढिगापुढे थबकले. "या कोण?"

"तपासणी खातं," गायधनीसाहेबांनी ठोकून दिलं.

सासूबाईंनी एक किडकं पान मोठ्या साहेबांच्या हातावर ठेवलं. "ह्ये नाय चालायचं." मोठे साहेब खूश! अशीच कडक तपासणी पाहिजे, म्हणत गेले.

मग एक दिवस गायधनीसाहेबच टेबल आवरायला लागले. त्यांच्या बायकोची एक बाजू लुळी पडली होती, घरी बघणारं कोणी नव्हतं. या माणसालाही घर असेल, हे आमच्यापैकी एकीलाही कधी सुचलं नव्हतं. मला रडूच फुटलं. गेटवर ते उगीच हसत म्हणाले, "शिंदे, माझी चिठ्ठी फाडा. परत न येणारा माल."

सासूबाई हातात मेथीची जुडी घेऊन वाट अडवून उभ्या राहिल्या. रोज माझं नाव विसरणारी ही बाई! म्हणाली, "उपाशीपोटी राजीनामा आमी ऐकत नाय. आधी डबा खा. आन् तिला आणा हिकडं."

पुढच्या सोमवारी गेटवर रिक्षा थांबली. साहेबांनी आधार देऊन बायकोला उतरवलं. सासूबाईंनी तिचा चांगला हात धरला. शिंदेकाकांनी काही न विचारता चिठ्ठी फाडली: "परत जाणारा माल, दोन नग."