ज्याने उघडला त्याने बंद करावा

मला कुणी सल्ला दिला की तो का दिला हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. आई याला फाटे फोडणं म्हणते. त्यामुळे इथे बडोद्यातच, फतेगंजमध्ये राहणारी माझी मैत्रीण, जी वेबसाइट बनवते आणि माझ्यासारखीच घरून काम करते, फोनवर म्हणाली, "यार, ब्राउझर बदली नाख ने!" तेव्हा मी लगेच विचारलं, "का? जुन्याला काय धाड भरलीय?"

"तने स्पीड जोइए छे के भाषण?" ती म्हणाली. आमचं बोलणं शाळेपासून असंच चालतं. ती गुजरातीत, मी मराठीत, आणि भांडण पेटलं की दोघी हिंदीत.

स्पीड तर मला हवाच होता. मी व्हिडिओंना मराठी सबटायटल्स लिहिते. सगळं काम ब्राउझरमध्येच होतं. वर चित्र, खाली ओळी. बोलणाऱ्याचं तोंड उघडलं की ओळ यायला हवी आणि मिटलं की जायला हवी. गेले काही आठवडे माझ्याकडे तोंड आधी मिटायचं आणि ओळ मागाहून यायची. मध्येच सगळं गोठायचं, आणि हे पान प्रतिसाद देत नाही, थांबता की निघता, असा प्रश्न पडद्यावर यायचा. मी थांबायचे. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत राहायचा.

एरवी मी चरफडत का होईना चालवून घेतलं असतं. पण त्या आठवड्यात एका नव्या कंपनीने माझी चाचणी लावली होती. आलेलं काम वेळेत आणि नीट करून दिलं तर पुढे नेहमीचं काम, नाहीतर रामराम. आणि पुण्याहून एका ऑफिसातल्या नोकरीचं बोलावणं महिनाभर आधीच येऊन पडलं होतं, त्याचं उत्तर सोमवारी द्यायचं होतं. नोकरी चांगली होती. मला ती नको होती. कुणी कारण विचारलं की मी सांगायचे, आईबाबांना मी एकटी, ते काही बडोदं सोडायचे नाहीत. बाबांच्या घराण्यात पणजोबांपासून सगळे इथलेच. लोक मान डोलवायचे आणि विषय संपायचा. चाचणी पार पडली असती तर मला पुण्याला ताठ मानेने नाही म्हणता आलं असतं. नाही पडली तर जावंच लागलं असतं, कारण नुसतं घरी बसून मला चालणार नव्हतं.

म्हणून मी नवा ब्राउझर घेतला. पहिल्या भेटीतच त्याने अदबीने विचारलं, जुन्यातलं सगळं इकडे आणू का? मी म्हटलं आण. त्याने खरोखर सगळं आणलं, उघडे पडलेले टॅबसुद्धा. वरच्या पट्टीत ते इतके दाटले की एकाचंही नाव वाचता येईना. आणि पाच मिनिटांत तोही गोठला.

मैत्रिणीला फोन केला तर ती हसत सुटली. "घर बदल्युं ने पस्ती पण साथे लावी? बंद कर ने बधा!"

पस्ती म्हणजे रद्दी, ती मी नव्या घरातही घेऊन आले होते; आणि बधा म्हणजे सगळे. बरोबरच होतं तिचं. पण आमच्या घरात ते इतकं सोपं नाही, आणि त्याला कारण बाबा.

बाबा कोयलीच्या रिफायनरीत होते. तिथे दुरुस्तीसाठी एखादा व्हॉल्व बंद केला की ज्याने बंद केला तो त्यावर स्वतःच्या नावाची पाटी अडकवतो. ती पाटी त्यानेच काढायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो, कारण लाइनीवर आत माणूस काम करत असू शकतो. बाबा निवृत्त झाले पण हा नियम त्यांनी घरी आणला. रेडिओ ज्याने लावला त्यानेच बंद करायचा. अर्धं वाचून पालथं ठेवलेलं पुस्तक कुणी उचलायचं नाही. एकदा आई गॅसवर दूध ठेवून खाली भाजीवाल्याकडे गेली, तर ते उतू जाताना बाबा शेजारी उभं राहून बघत होते. "तिने लावलंय," म्हणाले. त्या दिवशी आईने त्यांना जे सुनावलं ते ऐकायला समोरच्या गॅलरीतले लोकही बाहेर आले होते. नियम तरीही टिकला. मला तर तो लहानपणापासून इतका अंगवळणी पडलाय की मैत्रिणीच्या घरचा नळ ठिबकत असला तरी आधी विचारते.

आणि आमचा कॉम्प्युटर तिघांचा. सकाळ-संध्याकाळ माझा, पण दुपारी मी जेवून जरा आडवी झाले की आईबाबांचा. बाबा जुने क्रिकेटचे सामने बघतात, आई पाककृती आणि नातेवाइकांच्या लग्नांचे फोटो. टॅब उघडले जातात. बंद कुणीच करत नाही, कारण कोणता कुणाचा हे कुणालाच ठाऊक नसतं.

आता कुणाचे टॅब बंद करायचे नाहीत आणि काम तर वेगात व्हायला हवं, म्हणून मी शुक्रवारी सकाळी एक उद्योग आरंभला. नवा ब्राउझर पूर्ण रिकामा केला; जुन्यात सगळ्यांचे टॅब तसेच होते. त्यात फक्त माझं काम उघडलं. चित्र आणि ओळी अशा जोडीने पळायला लागल्या की मला गुदगुल्या झाल्या. मग जुन्यातला एकेक टॅब नव्यात न्यायचा, जरा काम करून बघायचं, ठीक असेल तर पुढचा न्यायचा. कोणता टॅब घात करतो हे मला शोधायचंच होतं. चाचणीचं काम पडलेलं असताना हा उपद्व्याप कशाला, असं कुणीही विचारलं असतं. पण मला एकदा शंका आली की ती फिटेपर्यंत माझे हात दुसऱ्या कामाला लागत नाहीत.

उंधियोची पाककृती आली, काही झालं नाही. एक जुना कसोटी सामना आला, पावसामुळे थांबलेला, तोही निमूट होता. माझे शब्दकोश, सयाजीगंजमधल्या दातांच्या डॉक्टरची वेळ, कुणाच्या तरी डोहाळजेवणाचे फोटो. सगळे बिचारे गुपचूप येऊन बसत होते. मग एक टॅब आणला आणि पंखा एकदम घरघरायला लागला. पडद्यावरच्या माणसाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सापडला चोर, असं मी मोठ्याने म्हणाले आणि तो टॅब पुढे घेतला.

एक रिकामा फ्लॅट होता. आपोआप फिरून दाखवणारा. दार, हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, परत दार. दिवसरात्र तो असा स्वतःभोवती फिरत होता आणि माझा सगळा वेग खात होता. खाली लिहिलं होतं, पुणे. लिफ्ट आहे. दवाखाना जवळ आहे. ज्येष्ठांसाठी सोयीचे.

 मी हा उघडला नव्हता. म्हणजे बाबांनी. म्हणजे पोरीला नोकरी सोडायला लागू नये म्हणून हा माणूस या वयात पणजोबांचं गाव सोडायला निघाला होता, आणि मला पत्ताही नव्हता.

बाबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी त्यांना हाताला धरून आत आणलं. "बाबा, हे तुम्ही उघडलंत?"

त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितलं. "हे? नाही. हे तर तुझं ने?"

"माझं?"

"मी बघितलं होतं मागेच. म्हटलं, तू घर बघतेयस. पुण्याचं ठरलंय, सांगायला जड जातंय." ते टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होते. "म्हणून मी हात नाही लावला."

तेव्हा मला बॅगेचा उलगडा झाला. आठवडाभरापूर्वी बाबांनी माळ्यावरची मोठी बॅग काढली होती, पुसली होती आणि तिच्या अडकणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासत बसले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, असंच, पडून खराब होते. मला वाटलं, रिकामपणाचा उद्योग आहे. ती बॅग ते माझ्यासाठी तयार करत होते. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी त्यांच्यावरच ओरडले, "अहो, मग विचारायचं नाही का!"

"पाटी तुझी होती," ते म्हणाले.

एवढ्यात आई दुधाच्या पिशव्या घेऊन दारातून आत आली. आमचे दोघांचे चेहरे बघून तिने आधी विचारलं, कोण गेलं? मी पडद्याकडे बोट दाखवलं.

"ते माझं आहे," ती सहज म्हणाली. "काय झालं त्याला?"

आमच्या दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आई लग्न होऊन कोल्हापूरहून इथे आली आणि गेली कित्येक वर्षं आम्ही तिला बडोद्याची म्हणूनच धरून चाललो होतो.

"तुला पुण्याला जायचंय?" मी विचारलं.

"मला कुठे जायचंय? तू सगळ्यांना सांगत सुटलीयस, आईबाबा हलणार नाहीत, त्यांच्यामुळे मी अडकलेय. बोलावणं आलं त्या दिवशी फोनवरही तेच. मी ऐकलं. म्हटलं, बघून ठेवावं, हलता येतं का. येतं. लिफ्ट आहे, दवाखाना आहे, आणि स्वयंपाकघराला खिडकी आहे. आपल्यासारखी पलीकडच्या भिंतीवर उघडणारी नाही. आम्ही येऊ की."

"इथलं सगळं सोडून?" बाबा म्हणाले.

"तुमचे सामने तिथेही दिसतात," आई म्हणाली.

 माझ्याकडचं एकुलतं एक कारण आईने दुधाच्या पिशव्यांबरोबर ओट्यावर नेऊन ठेवलं होतं. आता पुण्याला न जाण्यासाठी मला काहीच उरलं नव्हतं. पडद्यावरचं घर फिरून परत दारापाशी आलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "पण मला नाही जायचं. मला इथेच राहायचंय. मला ऑफिसात बसायचं नाहीये, मला हेच काम आवडतं, आणि मला हे गाव आवडतं. तुम्ही नसतात तरी मी राहिले असते."

माझ्याच कानांना ते नवीन होतं. आजवर मी हे एकदाही बोलले नव्हते.

"मग असं सांग ना," आई म्हणाली. "राहायचंय तुला आणि पाटी आमच्या नावाची. उद्या तुझं काम चाललं नाही, तर जन्मभर आमच्यामुळे राहिलीस म्हणशील. ते मला नकोय."

 फाटा फोडायला जागाच नव्हती.

पुण्याला नकार मी त्याच दुपारी कळवला. सोमवारची वाट बघितली नाही, चाचणीचा निकाल काय लागतो तेही बघितलं नाही. कारणाच्या जागी आईबाबांचा उल्लेख दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. शेवटी लिहिलं, मला बडोद्यातच राहून काम करायचं आहे. पाठवताना भीती वाटली. चांगलीच वाटली.

मग आईला खुर्चीत बसवलं. तो टॅब तिचा होता, तो तिनेच बंद करायला हवा होता. तिने माउस हातात घेतला आणि म्हणाली, थांब जरा. घर पुन्हा एकदा फिरलं. दार, हॉल, बेडरूम. स्वयंपाकघराची खिडकी आली तेव्हा ती पुढे वाकून बघत होती. खिडकी गेली.

"कुठे दाबायचं?" तिने विचारलं. मी फुली दाखवली. पंखा हळूहळू शांत झाला.

तेवढ्या वेळात बाबांनी स्टूल ओढलं होतं. आम्ही बघितलं तेव्हा ते वर चढून ती मोठी बॅग माळ्यावर सरकवत होते, पार मागच्या भिंतीपर्यंत.